मारुती चौकामागचं बिनपाटीचं सायकल दुकान आणि माझी टेनिसची खुर्ची

दुकान सापडायचं कसं ते आधी सांगते, कारण दुकानाला पाटी नाही. सांगलीत मारुती चौकाच्या मागच्या गल्लीत शिरलात की डाव्या हाताला पत्र्याखाली जुन्या टायरांची माळ लटकलेली दिसते, तेच. २०१९ च्या पुरात पाटी गेली आणि मिस्त्रींनी नवी लावलीच नाही. मी एकदा विचारलं तर म्हणाले, "येणाऱ्याला ठाऊक असतंय. न येणाऱ्यानं वाचून काय करायचंय?" फोनवरच्या नकाशात हे दुकान नाही आणि मिस्त्रींना तिथं आणायचा माझा प्रयत्न दोनदा फसलाय. तेव्हा निदान अनुभव तरी लिहून ठेवते. सायकलवाल्यांनाही उपयोग होईल, पण मी लिहितेय ते खेळाची व्हीलचेअर असलेल्या लोकांसाठी. सांगली, सातारा, कोल्हापूर, अगदी बेळगावपर्यंत कुणाच्या चाकाचा आरा तुटला तर खुर्ची पार्सल करून लांबच्या शहरात पाठवायच्या आधी इथं या.

मी तासगावची. बेदाण्याच्या एका कोल्ड स्टोरेजमध्ये हिशेब बघते. २०१३ साली गच्चीवरून पडले, डी-१० ला, म्हणजे पाठीतल्या दहाव्या मणक्याशी, कणा गेला. टेनिस त्याआधी टीव्हीवरसुद्धा धड पाहिलं नव्हतं. आता आठवड्यातून तीन दिवस कामावरून सुटले की बाजूला जादा चाकं लावलेली स्कूटर काढायची, पंचवीस किलोमीटर सांगलीला यायचं, विश्रामबागच्या बाजूच्या एका कोर्टवर दीड तास खेळायचं आणि रात्री परत, असा क्रम आहे. वर्षातून एकदोनदा मिरजेहून राणी चन्नम्मा पकडून बंगळुरूला स्पर्धेला जाते. पूर्वी पहिल्या फेरीत हरायचे, आता दुसऱ्या फेरीत हरते. प्रगती आहे.

टेनिसची खुर्ची ज्यांनी जवळून पाहिली नाही त्यांना हे परीक्षण कळायचं नाही, म्हणून थोडं तिच्याबद्दल. हिला ढकलायला मागे दांडे नाहीत, हाताला टेकू नाही, ब्रेक नाही. मोठी दोन चाकं सरळ उभी नसतात, वरून आत झुकलेली असतात. माझ्या खुर्चीचा कल २० अंशांचा आहे. त्यामुळे खालची बैठक रुंद होते आणि खुर्ची जागच्या जागी गर्रकन फिरते. पुढे दोन चिमुकली चाकं, मागे एक, मागच्या मागे उलटू नये म्हणून. कमरेला पट्टा, मांड्यांना पट्टा, पावलांना पट्टा. नियमाच्या दृष्टीनेही खुर्ची म्हणजे खेळाडूचं अंगच. चेंडू तिला लागला की पॉइंट समोरच्याचा. बाकी कोर्ट तेच, नेट तेच, रॅकेट तेच. फरक एवढाच की चेंडूचे दोन टप्पे चालतात आणि दुसरा टप्पा रेषेबाहेर पडला तरी चालतो.

दोन टप्प्यांचं ऐकलं की लोक म्हणतात, मग सोपंच की! खुर्ची खेकड्यासारखी बाजूला सरकत नाही हो. चेंडू मारला की पाठ फिरवून वळसा घालायचा, परत कोर्टाकडे तोंड करायचं, आणि हे सगळं हातात रॅकेट धरून चाक ढकलत. माझ्या रॅकेटची कड हातरिंगवर, म्हणजे चाक ढकलायच्या बाहेरच्या कड्यावर, घासून घासून पांढरी पडलीय. जोरात वळलं की अंगाचं आणि खुर्चीचं सगळं वजन बाहेरच्या चाकावर जातं. ते चाक आधीच तिरकं, त्यात हा बाजूचा धक्का. सायकलच्या चाकाला असला मार कधी बसत नाही. म्हणून आरे तुटतात.

माझी खुर्ची जुनी आहे. बंगळुरूच्या एका खेळाडूने खेळ सोडला तेव्हा ६० हजारांना घेतली, दोन हप्त्यांत. नवीन आयात केलेली घ्यायची तर लाखांत जातं. गेल्या वर्षी जूनमध्ये हिच्या उजव्या चाकाचे तीन आरे एका आठवड्यात तुटले. मी एका मोठ्या शहरातल्या विक्रेत्याला फोटोसकट लिहिलं. अकराव्या दिवशी उत्तर आलं: आरे सुटे मिळत नाहीत, चाकांची जोडी घ्या, बाहेरून मागवावी लागेल, आठ ते दहा आठवडे, रक्कम आगाऊ. किंमत वाचली आणि फोन पालथा ठेवला. नाव घेत नाही. त्यांचंही काय चुकलं म्हणा, त्यांच्याकडे वर्षाला असल्या किती खुर्च्या येत असतील?

आमच्या कोर्टवरच्या मार्करनं, म्हणजे तिथं कामाला असलेल्या पोरानं, हे दुकान सुचवलं. "आमच्या आज्जाची रेसची सायकल तिथंच असायची" एवढ्या शिफारशीवर आम्ही गेलो. चाकं काढली की खुर्ची रिक्षात मावते. तो रिक्षातून, मी मागून स्कूटरवर.

पहिली अडचण दारातच. गुडघाभर उंच ओटा आणि त्याला दोन पायऱ्या. पुराच्या गावात असंच बांधतात, कळतं मला. पण मी या दुकानाची सव्वा वर्षाची गिऱ्हाईक आहे आणि आत एकदाही गेलेली नाही. माझी सगळी कामं रस्त्यावर, स्कूटरवर बसून झालीत. मिस्त्री चाक बाहेर आणतात, ओट्याच्या कडेला बसतात, मी खालून बघते. पाचातला अर्धा स्टार मी इथंच कापते. मिस्त्रींना हे सांगितलंय. त्यांनी फळी टाकून बघितली. फळी इतकी उभी झाली की ते स्वतःच तिच्यावरून घसरले. तो विषय तिथं मिटला.

आता कामाकडे. मिस्त्री साठीच्या पुढचे, चष्म्याची एक काडी सायकलच्या वायरने बांधलेली. त्यांनी खुर्चीकडे पाहिलं.

"ही काय रेसची हाय?"

"टेनिसची."

"बसून खेळायचं?"

"बसून."

"बरं."

बास. 'तुमच्या जिद्दीला सलाम' नाही, 'देवानं असं का केलं' नाही, मार्करला विचारून माझ्याबद्दलची उत्तरं घेणं नाही. चाकाबद्दलचा प्रश्न चाकवालीला विचारला. आमच्यासारख्यांना कुठल्याही दुकानात हे किती दुर्मीळ असतं ते सांगून पटायचं नाही. मी यालाच अख्खा एक स्टार देते.

चाक त्यांच्या आऊट काढायच्या, म्हणजे वाकडं चाक सरळ करायच्या, फोर्कात बसेना, कारण या चाकाला सायकलसारखा नटबोल्टचा एक्सल नसतो. मधे आरपार भोक असतं आणि त्यात बटण दाबून काढायची दांडी. मिस्त्रींनी कॅलिपर लावला. साडेबारा मिलीमीटरला जरासं वर. "अर्धा इंच" असं पुटपुटत आत गेले, अर्ध्या इंची सळई घेऊन आले, ती व्हाइसमध्ये आडवी धरली आणि चाक तिच्यावर चढवलं. मग तुटका आरा उचलून डोळ्याजवळ नेला. बराच वेळ बघत होते.

"मानेत तुटलाय. ओढून नव्हं, हलून हलून तुटलाय. बसवणाऱ्यानं ढिलं सोडलंय बघा."

माझा समज असा होता की मी फार जोरात खेळते म्हणून आरे तुटतात. थोडा अभिमानच होता त्याचा. प्रत्यक्षात उलटं. आरा घट्ट ताणलेला असला की तो ताण सहन करतो. ढिला असला की प्रत्येक फेऱ्याला हबच्या (चाकाच्या मधल्या भागाच्या) भोकात थोडा वाकतो, सुटतो, वाकतो, सुटतो, आणि तार वाकवून वाकवून तोडतो तसा एक दिवस मानेत तुटतो. मिस्त्री म्हणाले तीन बदलून भागायचं नाही, उरलेले रांगेनं जातील. त्या बाजूचे अठराच्या अठरा बदलायचे. लांबी बाजारात मिळणारी नव्हती, तर त्यांनी लांब आरे घेऊन कापले आणि हाताने फिरवायच्या एका छोट्या यंत्रावर टोकाला आटे पाडले. हे यंत्र त्यांच्या वडिलांचं. पुरात आठ दिवस पाण्यात होतं, म्हणाले, रॉकेलमध्ये बुडवून ठेवलं, चाललं.

आऊट काढताना बघण्यासारखं असतं. रिंगच्या अगदी जवळ खडूचा तुकडा धरतात आणि चाक हळू फिरवतात. जिथं रिंग बाहेर आली तिथं खडूची रेघ उमटते. तिथल्या निपलला, म्हणजे आऱ्याच्या टोकाच्या नटाला, चावीने पाव आटा. पुसायचं, परत फिरवायचं. रेघ आखूड होत जाते आणि शेवटी खडू कुठंच लागत नाही. मग बोटाने एकेक आरा छेडतात, टण् टण् टण्, कान चाकाजवळ नेऊन. एखादा बद्द वाजला की थांबतात. मिरज इथून तासाभराच्या आतच, तिथं तंबोऱ्याच्या जवारीवर दोरा सरकवत बसलेले कारागीर मी पाहिलेत. मिस्त्रींना हे म्हटलं तर म्हणाले, "त्यांचं एवढंसं बिघडलं तर गाणं बिघडतंय. माझं बिघडलं तर माणूस पडतंय." नंतर पोराला ओरडून चहा सांगितला.

टायरचा किस्सा तर मी बंगळुरूत सगळ्यांना सांगून आले. आमच्या दुनियेत या चाकाला २५ इंची म्हणतात. चार वर्षं मी या २५ इंची टायरसाठी ह्याला फोन कर, त्याला मेल कर, कुणी परदेशातून येतंय का बघ, असं करत होते. मिस्त्रींनी टायरच्या कडेवरचा आकडा अंगठ्याने पुसून वाचला: २५-५५९. "५५९ म्हणजे गिअरवाल्या सायकलीचं सव्वीस इंची की ओ." खरंच. रिंगचा व्यास मिलीमीटरमध्ये तोच, नावं मात्र सायकलवाल्यांचं वेगळं आणि व्हीलचेअरवाल्यांचं वेगळं. समोरच्या भिंतीवर तसले टायर टांगलेलेच होते. त्यातला गुळगुळीत, त्यातल्या त्यात बारीक बघून चढवला. थोडा जाड आहे. हातरिंग आणि टायर यांच्यामधली फट कमी झाल्यामुळे पहिल्या आठवड्यात अंगठ्याचं साल गेलं. पण सरावाला मी आता हाच वापरते आणि बाहेरचा बारीक टायर स्पर्धेसाठी राखते. ज्यांच्या खुर्चीला २४ इंची, म्हणजे ५४० ची चाकं आहेत त्यांचं मात्र हे जमणार नाही. ते माप आपल्याकडच्या सायकलीत येत नाही. पंचवीसवाले सगळे आजच कडेवरचा आकडा वाचा.

दुसऱ्या खेपेला 'तोंड' मिळवलं. खुर्ची ढकलताना जड लागत होती, मला वाटलं मीच थकलेय. मिस्त्रींनी सुतळी मागवली. एक्सलच्या उंचीवर दोन चाकांमधलं अंतर पुढच्या कडेला मोजलं, मग मागच्या कडेला. पुढे सात मिलीमीटर कमी. म्हणजे दोन्ही चाकं पुढे तोंडाला तोंड लावायला निघाली होती आणि प्रत्येक ढकलीत थोडी फरपटत होती. चाकं धरणारा आडवा दांडा त्याच्या क्लॅम्पमध्ये किंचित फिरला होता. ॲलन चावीने ढिला केला, बोटभर फिरवला, मोजला, परत फिरवला. वीस मिनिटं. पैसे घेतले नाहीत, म्हणाले ह्यात काय केलं मी? त्या संध्याकाळी खुर्ची अशी पळाली की मी पहिले दोन चेंडू मागे टाकून पुढे गेले.

पण ज्यासाठी हे सगळं लिहायला बसले ते पुढचं आहे. डिसेंबरात परत उजव्याच चाकाचा एक आरा गेला. मिस्त्रींनी चाक हातात घेतलं, डावं पण मागितलं, दोन्ही छेडून बघितली आणि विचारलं, "ताई, तुम्ही सारखं डावीकडंच वळता काय?"

मी म्हटलं, नाही, दोन्हीकडे वळते. "नसंल," एवढंच म्हणाले. पुढच्या रविवारी सकाळी सायकलवरून कोर्टवर हजर. जाळीबाहेर उकिडवे बसले, अर्धा तास बघितलं, बोटांवर काहीतरी मोजत. मग मला बोलावून सांगितलं: चेंडू मारून झाला की बत्तीस वेळा डावीकडे, पाच वेळा उजवीकडे. डावीकडे वळलं की भार उजव्या चाकावर. चाक खोटं कशाला बोलेल?

हे माझ्या कोचनी नंतर व्हिडिओ काढून पाहिलं. खरं होतं. उजव्या बाजूने वळायला मी बिचकते, कारण त्या बाजूला वळताना क्षणभर चेंडू दिसेनासा होतो. प्रतिस्पर्ध्यांना हे कळलेलं असणार, म्हणून दर वेळी तिकडेच मारत होत्या. चार वर्षांत माझ्या खेळातली ही खोड कुणी सांगितली नव्हती. ज्याने आयुष्यात टेनिसचा सामना पाहिला नाही अशा माणसाने आऱ्यांवरून ओळखली. आता दर सरावात दहा मिनिटं फक्त उजवीकडे वळायची. कंटाळवाणं काम आहे. उजवं चाक डिसेंबरनंतर मोडलेलं नाही.

त्या रविवारी चहावर मिस्त्रींनी खेळाबद्दल पहिल्यांदा नीट विचारलं. मी सांगितलं की हे सुरूच झालं दोन माणसांपासून. १९७६ साली ब्रॅड पार्क्स हा अमेरिकन तरुण स्कीइंग करताना पडला, पाय गेले. त्याला जेफ मिनेब्रेकर भेटला. तोही खुर्चीवरचा, पण त्याने स्वतःसाठी हलकी खुर्ची बनवून घेतली होती. दवाखान्यातल्या त्या काळच्या धुडांवर टेनिस कुणाला सुचलं असतं? १९८८ ला सोलमध्ये प्रात्यक्षिक म्हणून, १९९२ ला बार्सिलोनात पदकासाठी, असा खेळ पॅरालिम्पिकमध्ये आला. जपानच्या शिंगो कुनिएदाने एकेरीची २८ ग्रँडस्लॅम जिंकली, त्याची खुर्ची ओएक्स इंजिनिअरिंगची. ही कंपनी मुळात मोटरसायकलवाल्यांची. मालकाचे पाय मोटरसायकलच्या अपघातात गेले, मनासारखी खुर्ची मिळेना म्हणून स्वतः बनवायला लागला. "म्हणजे गॅरेजवालाच," मिस्त्री म्हणाले, आणि पहिल्यांदा जरा खूश दिसले. नेदरलँडच्या एस्थर व्हर्गीरबद्दल सांगितलं, २००३ पासून २०१३ ला खेळ सोडेपर्यंत एकेरीत सलग ४७० सामने हरली नाही. त्यावर बराच वेळ गप्प. मग: "धा वर्सांत पंक्चर झालं नसंल काय एकदाबी?"

हसले मी, पण प्रश्न बरोबर आहे. आमच्या जिल्ह्याला पदकं नवी नाहीत. पेठचे मुरलीकांत पेटकर १९७२ ला हायडेलबर्गला ५० मीटर पोहून भारताचं पहिलं पॅरालिम्पिक सुवर्ण घेऊन आले. आटपाडीकडच्या करगणीच्या सचिन खिलारींनी पॅरिसला २०२४ मध्ये गोळा १६.३२ मीटर टाकून रौप्य आणलं. त्यांच्या कष्टांपुढे मी कोण बोलणार. पण पोहायला पाणी लागतं, टेनिसला यंत्र लागतं, आणि यंत्र म्हटलं की मिस्त्री लागतो. भारतात व्हीलचेअर टेनिस बंगळुरूभोवती वाढलं. तबेबुइया ओपन ही स्पर्धा तिथं होते, शेखर वीरस्वामींसारखे खेळाडू कर्नाटकातून आले. का, तर स्पर्धा आहेत, कोर्ट आहेत हे खरंच. शिवाय तिथं खुर्ची मोडली तर ती सरळ करणारं कुणीतरी चार ओळखींत सापडतं. आमच्याकडे शिबिरात खुर्च्या वाटतात त्या घडीच्या, घरात-अंगणात फिरायच्या. त्यावर मी टेनिस खेळून पाहिलंय. दुसऱ्याच सर्व्हला मागे उलटले. दोष खुर्चीचा नाही, ती ज्यासाठी बनलीय त्याला ती ठीक आहे. पण उद्या कुणी देणगीदाराने प्रत्येक जिल्ह्याला दोन-दोन खेळाच्या खुर्च्या दिल्या, तरी वर्षभरात त्यातल्या निम्म्या आरा तुटून, टायर फाटून हॉलच्या कोपऱ्यात उभ्या राहतील. अशा कोपऱ्यात उभ्या राहिलेल्या दोन खुर्च्या मी स्वतः पाहिल्यात. एकीवर पडदे वाळत घातले होते. खुर्चीबरोबर तिथल्या सायकल मिस्त्रीला अर्धा दिवस शिकवा आणि मूठभर आरे त्याच्याकडे ठेवा, खर्च किती येणार?

आता तक्रारी, कारण पाचपैकी पाच देणारं परीक्षण मीही वाचत नाही.

वेळ. "संध्याकाळी या" म्हणजे कुठली संध्याकाळ ते विचारून घ्या. स्पर्धेच्या आदल्या दिवशी काम टाकू नका. गणपतीत आणि दिवाळीच्या आठवड्यात तर नावच काढू नका.

बेअरिंग. पुढच्या छोट्या चाकांत ६०८ नंबरचं बेअरिंग लागतं, तेच जे पोरांच्या स्केट्समध्ये असतं, त्यामुळे कुठंही मिळतं. मिस्त्रींनी मार्चमध्ये उघडं बेअरिंग बसवलं, झाकणाचं नाही. आमचं कोर्ट लाल मातीचं. पंधरा दिवसांत माती आत गेली, एका सरावात चाक जाम झालं आणि मी पट्ट्यांसकट पुढे तोंडावर. ओठ फुटला, दात वाचले. मिस्त्रींनी ऐकून घेतलं, चूक माझी म्हणाले, दोन्ही बाजूंना रबरी झाकण असलेली बसवून दिली आणि पैसे घेतले नाहीत. मोठ्या चाकांची अर्धा इंची बेअरिंग त्यांच्याकडे नसतात. कुपवाडच्या एमआयडीसीत बेअरिंगच्या दुकानातून आर८ नंबर सांगून आपणच आणायची.

(मातीवरून आठवलं. चाकांनी कोर्टाला चर पडतात म्हणून सुरुवातीला आम्हाला खेळू देत नव्हते. पॅरिसला रोलाँ गॅरोच्या लाल मातीवर २००७ पासून व्हीलचेअरचे सामने होतात, हे मी छापून नेऊन दाखवलं. तरी खेळ संपला की पाटा आम्हीच ओढायचा या अटीवर परवानगी मिळाली. खुर्चीच्या मागे पाटा बांधून ओढतो. हाताला व्यायाम.)

रॅकेटची तार बदलून मिळणार नाही. मी गमतीने विचारलं होतं, तर मिस्त्री रॅकेट उलटीपालटी करून "ब्रेकची वायर चालंल काय?" म्हणाले. ते गंमत करत होते की नाही ते मला अजून कळलेलं नाही.

दर, मी दिले ते: एका चाकाचा आऊट काढायचे ८० रुपये. आरा कापून, आटे पाडून, बसवून १५ रुपये एक. ट्यूब १८०. छोट्या चाकाचं झाकणाचं बेअरिंग ६० रुपये एक. जूनमधल्या त्या पहिल्या कामाचं सगळं मिळून बिल ५३० झालं. त्या विक्रेत्याने सांगितलेली रक्कम इथं लिहीत नाही, वाचणाऱ्याला उगाच त्रास. रोख किंवा फोनवरून, दोन्ही चालतं. पण फोनवर पैसे आल्याचा आवाज होईपर्यंत मिस्त्री चाक सोडत नाहीत.

सध्या आमच्या कोर्टवर तिघं खेळतो आणि खुर्च्या दोन. एक माझी, दुसरी हल्लीच पुण्याहून आलेली, तीही जुनी. तिसऱ्याची मान दुखावलेली आहे, बोटं मिटत नाहीत, रॅकेट हाताला पट्टीने बांधून खेळतो. त्याचा गट वेगळा, क्वाड (हातांतही ताकद कमी असलेल्यांचा), २००४ पासून पॅरालिम्पिकमध्येही आहे. त्याच्यासाठी मिस्त्रींनी हातरिंगवर सायकलची जुनी ट्यूब चिरून घट्ट गुंडाळून दिली, तळहाताने ढकललं की पकड येते. उन्हाळ्यात ती चिकट होते आणि हात काळे होतात. यावर काय करायचं ते चालू आहे. सोलापूरच्या एका खेळाडूने नुसतं चाक एसटीच्या पार्सलने पाठवलं होतं, तेही चार दिवसांत सरळ होऊन परत गेलं.

मागच्या महिन्यात जादा आरे करून घ्यायला गेले होते. मिस्त्री नव्हते, नुसतं पोरगं. मी म्हटलं मिस्त्री आल्यावर येते, त्यांना माप विचारायला लागेल. तर म्हणालं, "माप लिवलंय की ताई, भिंतीवर." मला आत जाता येत नाही, म्हणून माझा फोन घेऊन गेलं आणि फोटो काढून आणला. आतल्या भिंतीवर निळ्या ऑइलपेंटने मापांची यादी आहे. रेसच्या सायकली, हातगाडे, आइस्क्रीमवाल्याची तीनचाकी. सगळ्यात वर, नव्या रंगात: टेनिस ताई, उजवं, आणि पुढे मिलीमीटर. त्याखाली डावं.

फोटोत त्या यादीखाली भिंतीवर एक आडवी मळकट रेघ दिसते, जवळजवळ छताला लागलेली. मी विचारलं ही कसली. पोरगं म्हणालं, पुराची. महत्त्वाचं सगळं मिस्त्री तिच्यावरच लिहितात, स्टुलावर चढून.

सोमवारी बंद असतं. दुपारी एक ते चार जेवणाची सुट्टी.